टपालात टाकल्याचा पुरावा

पार्सल गहाळ झाले म्हणजे दोन माणसे समोरासमोर उभी राहतात. ‘पाठविले,’ असे एक म्हणतो. ‘पोहोचले नाही,’ असे दुसरा म्हणतो. आणि पुष्कळ वेळा दोघेही खरेच बोलत असतात. तरी पुराव्याचे ओझे पडते ते पाठविणाऱ्यावर. न मिळालेल्या वस्तूची खूण कोणी कशी दाखवावी? परंतु पेटीच्या तोंडातून आत पडलेल्या पुडक्याला तरी साक्षीदार कोठून आणावयाचा?

आपल्याकडे याचे एक स्वस्त उत्तर अनेक वर्षे प्रचारात होते. ते म्हणजे ‘सर्टिफिकेट ऑफ पोस्टिंग’, लोकांच्या बोलण्यातले ‘यूपीसी’. पाठविणाऱ्याने कागदावर पत्ते लिहावयाचे आणि पत्रांसह तो कागद पोस्टाच्या खिडकीवर द्यावयाचा. कारकून त्यावर तारखेचा शिक्का मारून तो परत करी. गृहनिर्माण संस्थांच्या सभांच्या नोटिसा, कंपन्यांची भागधारकांना जाणारी पत्रे, असा किती तरी व्यवहार या शिक्क्यावर चाले. दोष होता तो असा, की रजिस्टर पत्राप्रमाणे या पत्रांना क्रमांक नसे. पुरावा म्हणून दाखवावयाचा कागद पाठविणाऱ्यानेच लिहिलेला आणि त्याच्याच कपाटात जपलेला! असे शिक्के केव्हाही मिळविणे अवघड नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली ‘शिवकुमार विरुद्ध हरियाणा राज्य’ या निकालात सांगितले. पुढे २०११ मध्ये टपालखात्याने ही सोयच बंद केली. रजिस्टर टपालाची गोष्ट वेगळी. तेथे पावतीवरचा क्रमांक खात्याच्या दप्तरातही असे. २०२५ मध्ये देशांतर्गत रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन झाले. क्रमांकाची पावती मात्र राहिली.

ब्रिटनमध्ये हाच प्रश्न आता नव्या रूपाने पुढे आला आहे. तेथे पोस्टाच्या खिडकीवर टपालात टाकल्याचा दाखला अद्यापि विनामूल्य मिळतो. परंतु घरबसल्या जुने कपडे, पुस्तके, खेळणी विकणाऱ्यांची संख्या तेथे मोठी. हे लोक पत्त्याची चिठ्ठी बारकोडासह घरीच छापतात आणि मग केवळ त्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहतात. एप्रिल २०२५ मध्ये ‘रॉयल मेल’ने वेअर, हर्टफर्ड व फाउलमीअर या गावी नव्या धर्तीच्या पेट्या प्रयोगादाखल उभ्या केल्या. रंग तोच लाल. माथ्यावर सूर्यप्रकाशावर वीज निर्माण करणारी पाटी, आणि अंगावर बारकोड वाचणारे यंत्र. पार्सलवरचा बारकोड यंत्रापुढे धरला की मोठा खण उघडतो. बुटाच्या खोक्याएवढे पार्सल त्यात मावते. दाखला हवा असल्यास तो मोबाइलवरील ॲपमधून घ्यावयाचा. अशा सुमारे ३,५०० पेट्या बसविण्याचा मनोदय त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये जाहीर झाला. त्या देशात टपालपेट्या एकंदर सुमारे १,१५,००० आहेत, हे येथे लक्षात घ्यावे.

आता या यंत्राने सिद्ध काय होते? अमुक वेळी, अमुक पेटीपाशी, अमुक बारकोड वाचला गेला आणि खण उघडला, इतकेच. खणात पार्सल ठेवले की तो रिकामाच मिटला, हे बारकोड वाचणाऱ्या यंत्राला कसे कळावे? खिडकीवरचा कारकूनही पुडक्याच्या आत पाहत नाही, हे खरे. परंतु पुडके त्याच्या हाती तरी येते. म्हणजे खिडकीवर साक्षीदार माणूस असतो, पेटीपाशी पाठविणारा स्वतःच स्वतःचा साक्षीदार होतो.

म्हणून ही नोंद कुचकामाची ठरते असे मात्र नव्हे. ती पाठविणाऱ्याच्या कपाटात नसते, टपाल वाहून नेणाऱ्याच्या दप्तरात असते. मागची तारीख तीत पाठविणाऱ्याला घालता येत नाही. यूपीसीला जडलेला रोग नेमका हाच होता. शिवाय तेच पार्सल पुढे वर्गवारीच्या केंद्रात वाचले गेले की पहिल्या नोंदीला आपोआप दुजोरा मिळतो. वादाला जागा उरते ती पेटी आणि केंद्र यांमधल्या टप्प्यात हरवलेल्या पार्सलापुरती.

व्यवहारातल्या अडचणी निराळ्याच. पावसाने शाई फुटलेली चिठ्ठी, बारकोडावर सुरकुतलेली चिकटपट्टी, ऐन वेळी बंद पडलेला मोबाइल! ज्या वृद्धाकडे मोबाइलच नाही, त्याला दाखल्यासाठी खिडकी गाठलीच पाहिजे. खणात न मावणारे पार्सलही तेथेच न्यावे लागते.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. दाखला हाती आला म्हणजे जबाबदारी संपली, असे पुष्कळांना वाटते. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे व्यापाऱ्याने विकलेला माल ग्राहकाच्या ताब्यात जाईपर्यंत सर्वसाधारणपणे व्यापाऱ्याच्याच जोखमीवर असतो. सबब, असा दाखला ग्राहकाला दाखवून त्या व्यापाऱ्याची सुटका होत नाही. टपाल कंपनीकडे भरपाई मागताना तो उपयोगी पडतो. मुलाचे आखूड झालेले कोट विकणारी गृहिणी व्यापारी नव्हे. तिचा व्यवहार या कलमात येत नाही, आणि तिच्या दृष्टीने दाखल्याचे मोल अधिक.

अशा गृहिणीने पार्सल खणात ठेवण्यापूर्वी चिठ्ठीसह त्याचे छायाचित्र घ्यावे, पेटीपासून दूर जाण्याआधी ॲपमध्ये नोंद उमटली की नाही ते पाहावे, आणि वस्तू महागाची असली तर रांगेतली दहा मिनिटे सोसून खिडकीवरच जावे.