टपालघराची दारे

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने तत्कालीन कलकत्त्यासह चार महानगरांत इंटरनेट जनतेस खुले केले आणि तेथील पेढ्यांचा पत्रव्यवहार हळूहळू ईमेलवर आला. ही पत्रे सांभाळणाऱ्या सर्व्हरला पोर्ट नावाची क्रमांकित दारे असतात. परवलीच्या शब्दांची चर्चा फार होते, दारांची क्वचितच. बाहेरचे टपाल २५ क्रमांकाने येते. ते दार बंद केल्यास पत्रेच थांबतील. कर्मचाऱ्यांसाठी असलेले ४४३ मात्र परक्यांस खुले ठेवण्याचे कारण नाही. २०२१ च्या प्रारंभी मायक्रोसॉफ्ट एक्स्चेंजमधील दोषांचा लाभ घेऊन चोर जगभरच्या हजारो सर्व्हरांत याच दाराने शिरले. अनोळखी जोडण्या अडविल्या असत्या, तर पहिला घाव टळला असता. आधीच आत आलेल्यापुढे मात्र हा अडसर निरुपयोगी होता, तेथे दोषच दुरुस्त करावा लागला.