चार भागीदार, एक किल्ली

गुजरी असो वा चप्पल लाइन, भागीदारीतल्या तिजोरीची किल्ली एकाच्याच हाती राहू नये, हे कोल्हापूरच्या व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. संगणकी चलनातही आता हीच रीत आली आहे.

‘इथेरियम’चे व्यवहार सप्टेंबर २०२२ पासून ठेवीदारच तपासतात. किमान ३२ नाणी अडकवली की तपासनीस, म्हणजे ‘व्हॅलिडेटर’, होता येते व मोबदला मिळतो. संगणक बंद पडला तर दंड बसतो. एकच किल्ली दोन जागी चालली तर ठेवच कापली जाते.

यावर तोड म्हणजे वाटणीचा व्हॅलिडेटर. चार भागीदारांनी चार जागी संगणक बसवावेत. प्रत्येकावर किल्लीचा एकेक तुकडाच तयार होतो. तिघांच्या सह्या जुळल्या की काम होते. एकाकडची वीज गेली तरी अडत नाही.

मात्र मुद्दल परत येते ते सुरुवातीला नेमून दिलेल्या पत्त्यावर आणि तो पुढे बदलता येत नाही. तो एकट्याच्या ताब्यात असेल तर वाटणी व्यर्थ! म्हणून पत्ता संयुक्त सह्यांचा ठेवावा आणि करार आधी कागदावर करावा. भाव कोसळला तर मात्र कोणतीही किल्ली वाचवत नाही. धंद्याचे भांडवल यात गुंतवू नये, असेच आम्ही सुचवू.