धारा-रोहित्रावरील बर्डन

धारा-रोहित्राच्या नामपट्टीवर '15 व्होल्ट-अँपिअर' असा आकडा असला, तर तो वाहिनीवरील भाराचा नव्हे. दुय्यम वेटोळ्यास जोडलेली मापके, रिले व तारा मिळून जो संरोध होतो, त्याची ती मर्यादा होय. दुय्यम प्रवाह 5 अँपिअर असता ती अवघी 0.6 ओहम ठरते; 1 अँपिअर असता 15 ओहम.

विद्यार्थी मापकांचे बर्डन मोजतो आणि तारा विसरतो. अकोल्याच्या एखाद्या उपकेंद्रात रोहित्रापासून नियंत्रणकक्ष 150 मीटर दूर आहे असे मानावे. 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा जाऊन-येऊन रोध 20 अंश सेल्सिअसला सुमारे 2.2 ओहम भरतो. म्हणजे 5 अँपिअरला एकट्या तारांचेच बर्डन 55 व्होल्ट-अँपिअर. 1 अँपिअरला केवळ 2.2! वऱ्हाडच्या वैशाखात तार 45 अंशांवर गेली की रोध सुमारे दहा टक्क्यांनी वाढून 55 चे 60 होतात.

बर्डन वाढले की तोच प्रवाह वाहवण्यास दुय्यम वेटोळ्यात अधिक विद्युत्दाब लागतो, गाभ्यातील अभिवाह वाढतो व चुंबकनाचा वाढता प्रवाह मापकाच्या वाट्यातून वजा होतो. मापनात ही चूक ग्राहकाच्या देयकात उतरते. संरक्षणात ती अधिक घातक. दोषप्रवाहाच्या वेळी गाभा संपृक्त होतो आणि रिलेला खरा प्रवाह कळतच नाही.

अतिशय कमी बर्डनही निर्दोष नव्हे. मापन-रोहित्राच्या अचूकतेची हमी सामान्यतः नियत बर्डनाच्या 25 ते 100 टक्क्यांपुरतीच असते. शिवाय गाभा उशिरा संपृक्त झाल्याने दोषप्रवाहाचा आघात मापकापर्यंत पोहोचतो.

विभव-रोहित्रात उपकरणे समांतर जोडलेली असल्याने तेथे संरोध जितका कमी तितके बर्डन अधिक.