मैत्रीलाही नॉमिनी हवा

बँकेत ‘निष्क्रिय खाते’ असा एक प्रकार असतो. दोन वर्षांहून अधिक काळ खातेदाराने काही देवघेव केली नाही, की खाते त्या यादीत जाते. दहा वर्षे कोणी फिरकलेच नाही, तर रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत वर्ग होते. ही व्यवस्था २०१४ पासूनची. पैसे बुडत नाहीत; वारसाने कधीही कागदपत्रे आणली, तरी परत मिळतात. मैत्रीच्या खात्याला मात्र असा निधी नाही.

सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयातून १९७९ साली आम्ही बाहेर पडलो आणि पांगलो. काही वर्षे पोस्टकार्डे, पुढे लग्नपत्रिका, मग नोकरी-संसाराच्या धबडग्यात सामसूम. मोबाइल आले आणि चाळीसेक जण पुन्हा सापडले. रोजचे सुप्रभात, वाढदिवसाच्या शुभेच्छा, सारे झकास चालले होते. अशाच एका वाढदिवसाला एकाला पंचवीस-तीस शुभेच्छा गेल्या. उत्तर येईना, म्हणून कोणीतरी त्याच्या घरी फोन लावला. तो जाऊन साडेतीन महिने झाले होते.

वहिनी एवढेच म्हणाल्या, “ह्यांच्या तोंडी तुमची टोपणनावंच असायची. कळवायचं ते कुणाला?”

आमच्या पिढीची मैत्री कट्ट्यावर, कँटीनमध्ये वाढली. घरात आली ती चहापुरती. मित्राची नोकरी, ब्लडप्रेशर, राजकीय मते सारे ठाऊक. मुलीचे नाव विचारले तर अडखळायला होते.

बँकेत ठेवींना नॉमिनी नेमण्याची सोय १९८५ मध्ये आली. फॉर्म पुढे केला, की पुष्कळ खातेदार म्हणत, “इतक्यात कशाला? आहोत की अजून!” आमच्या मंडळींनीही तेच म्हटले. तरी एक वही झाली. प्रत्येकाच्या नावापुढे पत्नीचा किंवा पतीचा आणि एका मुलाचा फोन नंबर. दर दिवाळीत ती दुरुस्त होते.

वही झाली ती निरोपासाठी. उपयोग भलतेच झाले. मिरजेच्या दवाखान्यात कोणी दाखल झाले, की तिथल्या वर्गमित्राच्या घरून डबा जातो. एकीच्या नातीला पुण्यात खोली मिळेपर्यंत दुसऱ्याच्या सुनेने महिनाभर ठेवून घेतले. त्या दोघींनी आम्हाला विचारलेसुद्धा नाही. आणि त्या वहिनी आता दरवर्षी स्नेहमेळाव्याला येतात. गेल्या खेपेस आम्हाला ठाऊक नसलेल्या त्याच्या दोन गोष्टी त्यांनी सांगितल्या. इतक्या वर्षांनी मित्राबद्दल नवे काही कळले.

नॉमिनी ठेवीचा मालक होत नाही, तो वारसांसाठी विश्वस्त असतो. मैत्रीतही तसेच. बायकोने, मुलांनी आमचे मित्र आपलेसे करावेत असा आग्रह नाही. धागा कुठे आहे, एवढे त्यांना माहीत असावे.

आज रविवार आहे, घरचे सारे हाताशी आहेत. चहा झाला, की चार नावे आणि चार नंबर एका कागदावर लिहून त्यांच्या हाती द्या. टोपणनावे कंसात.