वेगाची शक्ति व ओझ्याची शक्ति

शेतमाल बाजारांत नेण्यासाठीं पिकअप गाडी बाळगणाऱ्या शेतकरी बंधूंस आपल्या गाडीचें इंजिन “वाढवून” घ्यावें, म्हणजे त्याची शक्ति मूळच्यापेक्षां अधिक करून घ्यावी, असा मोह पडणें स्वाभाविक आहे. अमेरिकेंतील अतिवेगवान पिकअप गाड्यांचीं वर्णनें व चित्रें पाहून तर हा मोह अधिकच बळावतो. त्या गाड्या खऱ्या आहेत व त्यांचे पराक्रमही खरे आहेत. परंतु ते पराक्रम कोणत्या कामाचे, हें नीट न पाहतां त्यांचें अनुकरण केल्यास पदरचा पैसा जाऊन गाडीही बिघडावयाची. म्हणून इंजिनाची शक्ति वाढते कशी, वेग चढतो कसा व त्याचा ओझ्याशीं संबंध काय, याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम दोन शब्दांतील भेद ध्यानांत घ्यावा. चाक फिरविणाऱ्या जोरास कारखान्यांत टॉर्क म्हणतात. आम्ही त्यास येथें पीळ म्हणूं. तो पीळ किती झपाट्यानें काम उरकतो याचें माप म्हणजे अश्वशक्ति. पूर्वींच्या मोटेवरून पाहावयाचें तर, भरलेली मोट वर ओढण्यास बैलजोडीला जो जोर लावावा लागे तो पिळाच्या ठिकाणीं समजावा, आणि तासाभरांत किती मोटा थारोळ्यांत रिकाम्या होत ती अश्वशक्ति समजावी. एक अश्वशक्ति म्हणजे एका सेकंदांत सुमारें ७६ किलो वजन एक मीटर उंच उचलण्याइतकें काम. हें माप जेम्स वॅट यानें अठराव्या शतकांत घोड्याच्या कामावरून ठरविलें. गिअरच्या योगानें चाकाशीं पीळ वाढवितां येतो, परंतु त्या प्रमाणांत चाकाचा वेग घटतो. अश्वशक्ति मात्र कोणत्याही गिअरनें वाढत नाहीं.

आतां वेग चढण्याचा प्रकार पाहूं. अमेरिकेंत गाडीची चपळाई मोजतांना ती उभ्या जागेवरून ताशी ६० मैलांचा, म्हणजे सुमारें ९७ किलोमीटरांचा वेग किती सेकंदांत घेते, हें पाहतात. समजा, गाडीचें वजन २,९०० किलो आहे. इतकें वजन साडेचार सेकंदांत त्या वेगास न्यावयाचें तर त्या सर्व वेळांत सरासरी ३०० अश्वशक्तीहून अधिक शक्ति चाकांशीं पोंचली पाहिजे. हेंच काम ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाकडून, कोठेंही शक्ति वायां न गेली तरी, १८ सेकंदांच्या आंत होणार नाहीं. उलट तितकेंच, किंबहुना त्याहून थोडें अधिक, म्हणजे गाडी व माल मिळून ३,३०० किलो वजन घेऊन, वीस मीटरांस एक मीटर चढ असलेल्या घाटांतून ताशी ३० किलोमीटर वेगानें चढावयाचें असेल, तर चाकांशीं सुमारें २५ अश्वशक्ति पुरे होते. म्हणजे मोठी शक्ति लागते ती ओझें नेण्यास नव्हे, तर तें ओझें क्षणार्धांत वेगास नेण्यास. हा या विषयाचा गाभा होय.

इंजिनाची शक्ति वाढविण्याचे मार्ग थोडेच आहेत. इंजिनांत जितकी हवा व तिच्या प्रमाणांत जितकें इंधन जळेल, तितकी शक्ति निघते. यास्तव एक मार्ग म्हणजे सिलिंडर मोठे अथवा अधिक संख्येचे करणें. दुसरा म्हणजे आहे त्याच सिलिंडरांत हवा दाबून भरणें. हवा दाबणारा पंखा धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या वायूच्या जोरावर फिरत असेल तर त्यास टर्बोचार्जर म्हणतात, व इंजिनाच्याच पट्ट्यावर दाबयंत्र चालत असेल तर त्यास सुपरचार्जर म्हणतात. दाबलेली हवा तापते व तापलेली हवा विरळ होते, म्हणून ती मध्यें थंड करण्याची जाळीही बसवितात. हल्लींच्या इंजिनांत इंधन किती व केव्हां सोडावयाचें हें एक लहानसा संगणक ठरवितो. त्याचीं कोष्टकें बदलून शक्ति वाढविणें हा तिसरा मार्ग होय, व तोच सर्वांत स्वस्त असल्यामुळें सर्वांत अधिक फसवा आहे.

या मार्गांनीं अमेरिकेंत काय साधलें तें पाहण्यासारखें आहे. १९९१ सालीं जीएमसी कंपनीनें सायक्लोन नांवाची लहान पिकअप काढली. तिचें ४.३ लिटरचें सहा सिलिंडरांचें इंजिन टर्बोचार्जरमुळें २८० अश्वशक्ति देई. त्याच वर्षीं ‘कार अँड ड्रायव्हर’ या मासिकानें घेतलेल्या परीक्षेंत तिनें पाव मैलाचें अंतर १४.१ सेकंदांत कापून फेरारीच्या ३४८ या शर्यतीच्या घडणीच्या मोटारीस मागें टाकिलें, फेरारीस १४.५ सेकंद लागले. याचें कारण केवळ इंजिन नव्हे. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका असतो, त्यामुळें एकदम शक्ति सोडली कीं मागचीं चाकें जागच्या जागीं फिरूं लागतात व शक्ति फुकट जाते. सायक्लोनचीं चारही चाकें इंजिनास जोडलेलीं असल्यामुळें तिची पकड सुटली नाहीं. तथापि या गाडीची माल वाहण्याची मर्यादा कंपनीनें किती ठरविली होती? अवघे ५०० पौंड, म्हणजे सुमारें २२७ किलो. गव्हाचीं पांच पोतीं घातलीं कीं मर्यादा संपली!

पुढें फोर्ड कंपनीनें १९९९ सालीं आपल्या लाइटनिंग पिकअपच्या ५.४ लिटरच्या इंजिनास सुपरचार्जर जोडून ३६० अश्वशक्ति मिळविली, व २००१ सालीं ती ३८० वर नेली. डॉजच्या रॅम एसआरटी-१० या गाडींत व्हायपर मोटारीचें दहा सिलिंडरांचें, ८.३ लिटरचें व ५०० अश्वशक्तीचें इंजिन बसविण्यांत आलें; तिनें २००४ च्या फेब्रुवारींत ताशी १५४.५८७ मैल, म्हणजे सुमारें २४९ किलोमीटर, असा वेगाचा विक्रम केला. २०२१ च्या रॅम टीआरएक्स गाडीचें सुपरचार्जर लावलेलें ६.२ लिटरचें इंजिन ७०२ अश्वशक्तीचें असून ती साडेचार सेकंदांत ताशी ६० मैल गांठते, असें कंपनीचें म्हणणें होतें. विजेवर चालणाऱ्या रिव्हियन पिकअपनें तर चार मोटरांच्या ८३५ अश्वशक्तीनें हा काळ सुमारें ३ सेकंदांवर आणिला. कारण विजेच्या मोटरीचा पूर्ण पीळ पहिल्या क्षणापासूनच हातीं असतो.

हे आंकडे वाचून मन थक्क होतें. परंतु आतां दुसरी बाजू पाहावी. वर सांगितलेली ७०२ अश्वशक्तीची टीआरएक्स सुमारें ५९५ किलो माल वाहूं शकते, व मागें जोडलेलें सुमारें ३,६७० किलो वजन ओढूं शकते. त्याच रॅम नांवाची ३५०० ही २०१९ ची कामाची गाडी घ्या. तिचें डीझेल इंजिन केवळ ४०० अश्वशक्तीचें, पण पीळ १,३५५ न्यूटन-मीटर, म्हणजे टीआरएक्सच्या ८८० च्या दीडपटीहून अधिक. आणि योग्य जोडणीनें ती सुमारें १५,९०० किलो वजन ओढते. आपल्याकडील महिंद्र कंपनीच्या बोलेरो पिकअपचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. तिच्या १.७ टनी प्रकाराचें इंजिन सुमारें ७५ अश्वशक्तीचें व २०० न्यूटन-मीटर पिळाचें असून तो पीळ इंजिन सावकाश फिरत असतांनाच मिळतो. ७५ अश्वशक्तीची गाडी १,७०० किलो माल वाहते व ७०२ अश्वशक्तीची गाडी ५९५ किलो, याचा अर्थ उघड आहे. ओझें पेलतात ते सांगाडा, पाटे, आंस, टायर व ब्रेक, इंजिन नव्हे. शर्यतीचा खोंड व नांगराचा बैल हे दोघेही उत्तमच. पण शर्यतीच्या खोंडास नांगरास जुंपावें असें कोणताही जाणता शेतकरी म्हणणार नाहीं.

कोणी म्हणेल, “मूळ गाडी माल वाहणारी आहेच; तिची शक्ति थोडी वाढविली तर बिघडलें कोठें?” यास उत्तर असें कीं, ज्या कंपन्या ५०० वा ७०० अश्वशक्तीची गाडी काढतात, त्या केवळ इंजिन बदलून थांबत नाहींत, दट्टे, गिअरपेटी, पाण्याची जाळी, आंस, टायर व ब्रेक हे सर्व त्या शक्तीस साजेसे घडवितात. गांवच्या बाजारांत संगणकाचीं कोष्टकें बदलून देणारा यांपैकीं कांहींही बदलत नाहीं. अधिक इंधन जाळल्यानें सिलिंडरांतील दाब व उष्णता वाढते. प्रथम क्लच घसरूं लागतो, मग हेड गॅस्केट फुटतें, व शेवटीं दट्ट्यांवर व टर्बोचार्जरवर बेततें. पुरेशा हवेवांचून सोडलेलें डीझेल अर्धवट जळून काळा धूर होतो. तो धूर म्हणजे शक्तीचें चिन्ह नसून न जळलेल्या इंधनाचा, अर्थात् आपल्याच पैशाचा, धूर होय.

ब्रेकचा विचार तर याहून महत्त्वाचा आहे. वेग दुप्पट झाला कीं गाडींत सांठलेली गति चौपट होते, व ती सर्व थांबतांना ब्रेकमध्यें उष्णतारूपानें जिरवावी लागते. ताशी ४० किलोमीटरांवरून जी गाडी ब्रेक लावल्यावर १० मीटरांत थांबते, ती ८० वरून सुमारें ४० मीटर घेईल; चालकास भान येईपर्यंत कापलेलें अंतर तें निराळेंच. इंजिन वाढविल्यानें ब्रेक वाढत नाहींत. टोमॅटोचे क्रेट भरून पहाटे घाट उतरणाऱ्या गाडीच्या बाबतींत हा हिशेब जिवाशीं गांठ घालणारा आहे.

कायद्याचेंही या बाबतींत स्पष्ट बंधन आहे. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें कंपनीनें ठरविलेल्या व नोंदणीपत्रांत लिहिलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मालकास आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें घातलेल्या कलम १८२-अ मध्यें अशा फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागें ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली आहे. अपघात झाल्यास विमा कंपनीस हरकत घेण्यास जागा मिळते, ती वेगळीच. अमेरिकेंतही हा प्रश्न लहान नाहीं. तेथील सरकारच्या पर्यावरण-संरक्षण खात्यानें २०२० सालच्या अहवालांत, मागील दहा वर्षांत साडेपांच लाखांहून अधिक डीझेल पिकअप गाड्यांची धूर शुद्ध करणारी यंत्रणा काढून टाकण्यांत आल्याचा अंदाज नमूद केला आहे.

तेव्हां आमचें शेतकरी बंधूंस सांगणें इतकेंच कीं, नवी गाडी घेतांना विक्रेत्यास प्रथम अश्वशक्ति विचारूं नये. ओझ्याची मर्यादा किती, पीळ किती व तो किती फेऱ्यांवर मिळतो, हें विचारावें. जुनी गाडी चढास दमत असेल तर हवेची चाळणी धुळीनें भरली आहे काय, टायरांत हवा पुरेशी आहे काय, ब्रेक कोठें घासत आहे काय व इंजेक्टर नीट फवारा सोडतात काय, हें आधीं तपासावें. पुष्कळदां गेलेली शक्ति येथेंच सांपडते व ती अल्प खर्चांत परत मिळते. चढास वेळींच खालचा गिअर घालावा, व ज्या गिअरांत घाट चढलों त्याच गिअरांत तो उतरावा. इंजिन वाढविण्यासाठीं राखून ठेवलेला पैसा चांगल्या टायरांत व ब्रेकांत घालावा. माल बाजारांत दहा मिनिटें उशिरा पोंचला तरी चालेल. तो व त्याबरोबर आपला माणूस सुखरूप पोंचणें, हीच शेतकऱ्याच्या गाडीची खरी शर्यत होय.