इंजिनिअरने समाजशास्त्र का शिकावे?

गेल्या भाऊबीजेला जळगावचा माझा मावसभाऊ आमच्याकडे धुळ्याला आला होता. तो स्थापत्य अभियांत्रिकीचा विद्यार्थी. जेवता जेवता आईला म्हणाला, "मावशी, बांधकाम शिकायला गेलो, तर तिथे समाजशास्त्राच्या व्याख्या पाठ करतोय. आणि फी बाबा कापूस विकून भरतात!" मी कला शाखेची विद्यार्थिनी, टोला मलाच होता.

त्याची तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी नाही. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या २०१८ च्या नमुना अभ्यासक्रमात पदवीचे एकूण श्रेयांक १६०. त्यांपैकी मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे आणि व्यवस्थापन मिळून १२. आकडा लहान आहे, पण ज्याच्या घरी कर्ज आहे त्याला तोही जड वाटणारच.

मी विश्वेश्वरय्यांचे नाव काढले. १८८१ साली ते बंगलोरला बी. ए. झाले, नंतर पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये अभियांत्रिकी शिकले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नोकरीच्या आरंभीच खानदेशात येऊन त्यांनी पांझरेवर नळांचा सायफन बांधला. "बी. ए. होते म्हणून सायफन जमला का?" भावाने विचारले. नाही, माझा युक्तिवाद लंगडाच होता.

पण त्याच पांझरेकाठची फड पद्धत घ्या. ती शेकडो वर्षांची. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एका हंगामात एकच पीक, पुढे त्याची फेरपालट. पाणी पाटकरी देणार, पिकाची राखण जागल्या करणार. पाणी कमी असले की सर्वांनी मिळून भिजवायचे फडच कमी करायचे. बंधारा दगडचुन्याचा खरा, पण पाणी पुरत असे ते या करारामुळे. पुढे पुणे भागातील कालव्यांसाठी विश्वेश्वरय्यांनी 'ब्लॉक पद्धत' आणली. तीतही जमिनीचे गट आणि पिकांचा फेर आहेच.

असे समाजशास्त्र इंजिनिअरला हवेच, असे माझे मत आहे. गाईडमधल्या व्याख्यांसाठी मात्र कोणाच्या बापाने कापूस विकू नये. आणि तिथे हे विषय शिकवायला जातात ते आपल्याच शाखेतले ना?

दुसऱ्या दिवशी आम्ही साक्रीकडच्या एका बंधाऱ्यावर गेलो. भाऊ आधी भिंतीची जाडीच पाहत होता. मग तिथल्या एका आजोबांना त्याने विचारले, "बाबा, पाणी कमी पडलं तर आधी कोणाचं शेत भिजायचं?" आजोबा सांगत बसले, आणि आमची धुळ्याची बस चुकली.