रुग्णालयाचे आकडे आणि जिल्ह्याचे आरोग्य

चंदीगडला लागून असलेल्या मोहालीतील एखाद्या ज्येष्ठ नागरिकास लघवीचा त्रास सुरू झाला, तर त्याच्यापुढे अनेक पर्याय असतात. जिल्हा रुग्णालय, खासगी रुग्णालये, चंदीगडची १९६२ मध्ये स्थापन झालेली पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्था आणि २०२२ पासून मुल्लांपूर येथील टाटा स्मारक केंद्राचे ३०० खाटांचे कर्करोग रुग्णालय. पुरःस्थ म्हणजेच प्रोस्टेट ग्रंथीच्या रुग्णांचे चित्र या प्रत्येक ठिकाणी निराळे असणे स्वाभाविक आहे.

उतारवयात ही ग्रंथी वाढणे सर्वसामान्य आहे. ती वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. रक्तातील पीएसए हे प्रथिन मात्र साधी वाढ, जंतुसंसर्ग व कर्करोग या तिन्हींत वाढू शकते. जेथे लक्षणे नसलेलेही नियमित तपासणीसाठी येतात, तेथे प्रारंभिक अवस्थेतील रोग अधिक सापडतो. जेथे इतर रुग्णालयांनी पाठविलेले गुंतागुंतीचे रुग्ण येतात, तेथे हाडांपर्यंत पसरलेला रोग अधिक दिसतो.

समजा, एका रुग्णालयातील १०० प्रोस्टेट-कर्करुग्णांपैकी ६० जणांचा आणि दुसऱ्यातील १०० पैकी २० जणांचा रोग पसरलेला आहे. यावरून जिल्ह्यातील दर लाख पुरुषांमागे किती जणांना हा रोग होतो, हे कळत नाही. कारण येथे छेदस्थानी रुग्ण आहेत, लोकसंख्या नाही. परीक्षार्थींची गफलत बहुधा इथेच होते. केवळ रुग्णालयातील व्यक्तींवरून काढलेले परस्परसंबंध फसवे असू शकतात, हे जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्येच दाखवून दिले होते.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने १९८२ पासून दोन्ही प्रकारच्या नोंदी ठेवल्या. मुंबई, बंगळूर व मद्रास येथे लोकसंख्याधारित, तर चंदीगड, दिब्रुगड व तिरुवनंतपुरम येथे रुग्णालयाधारित नोंदणी सुरू झाली. महाराष्ट्रात बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण नोंदणी आकारास आली. तिचे कार्यकर्ते गावोगावी जात. चंदीगड, मोहाली, संगरूर व मानसा यांसाठी लोकसंख्याधारित नोंदणी २०१३ मध्ये आली. तीत रुग्णाने उपचार कोठेही घेतले तरी त्याची नोंद राहत्या जिल्ह्यात होते. हा रोग वृद्धापकाळी अधिक होत असल्याने दोन जिल्ह्यांची तुलना वयानुसार प्रमाणित दरांनीच करावी लागते.

रुग्णालयाच्या नोंदीचे मोल त्यामुळे कमी होत नाही. रोगाची अवस्था, दिलेले उपचार व त्यांचा परिणाम यांचा तपशील तिच्यातच मिळतो. एखाद्या ठिकाणी ६० टक्के रुग्ण उशिरा पोहोचत असतील, तर त्यांना कशाने अडविले, पैशाने, अंतराने की या दुखण्याविषयीच्या संकोचाने, याचा शोध त्या नोंदीपासूनच सुरू करता येतो.